बोटभर अंतर

संपतचं पोट सताड उघडं पडलं होतं आणि फिलिपची मूठ त्याच्यापासून बोटभर अंतरावर थांबली. थांबवली नव्हती, थांबली. दौंडच्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये त्या शनिवारी संध्याकाळी बरीच माणसं होती. कॅरम खेळणारेसुद्धा सोंगट्या तशाच टाकून दोरीभोवती येऊन उभे राहिले होते आणि त्या सगळ्यांनी ते पाहिलं. संपतनंही पाहिलं. डोकं वाचवायला त्यानं दोन्ही हात वर घेतले होते, बरगडीपासून बेंबीपर्यंतचा सगळा मुलूख आंदण दिल्यासारखा मोकळा होता, आणि समोरून आलेला ग्लोव्ह बनियनला लागतो न लागतो तोच आल्या वाटेनं परत गेला. संपत क्षणभर वाट पाहत राहिला. मग पाहुणा येत नाही म्हटल्यावर यजमानानं जेवायला बसावं तसा त्यानं आपला उजवा हात सोडला. तो फिलिपच्या पोटात बसला. फिलिपचं काही बिघडलं नाही. त्याच्या पोटाचं कधीच काही बिघडत नसे. श्वास आपोआप बाहेर गेला, पोट आपोआप आवळलं, धप्प असा आवाज झाला आणि मागून कुणीतरी कौतुकानं म्हणालं, "काय प्वाट हाय गड्याचं! इंजिनाचा बॉयलर निस्ता." लोक हसले. त्या कौतुकाचा फिलिपला असा संताप आला की ग्लोव्ह काढून त्या माणसाच्या तोंडावर फेकावेत. पण फेकलेले ग्लोव्हसुद्धा बोटभर अलीकडेच पडले असते, असंही त्याला त्याच क्षणी वाटलं, आणि मग तो स्वतःवरच चिडला.

मॉरिस साहेबानं शिट्टी वाजवली. मॉरिस मेल गाडीचा ड्रायव्हर, अँग्लो-इंडियन, तरुणपणी रेल्वेसाठी बॉक्सिंग खेळलेला. आता त्याचं पोट सुटलं होतं, दारूबंदीच्या राज्यात परमिट काढून तो रोज मोजकी पीत होता आणि लोको शेडमधल्या पोरांना शनिवारी नि सोमवारी शिकवत होता. येत्या आठवड्यात भुसावळला स्पर्धा होत्या. फिलिप आणि संपत एकाच वजनाचे, त्यामुळं दोघांतला एकच जायचा. फिलिप शेडमध्ये फिटरचा हेल्पर, संपत इंजिनं पुसणारा क्लीनर. संपत सहा महिन्यांमागं आला, फिलिप दोन वर्षं तिथं घाम गाळत होता. मॉरिसनं फिलिपच्या खांद्यावर हात ठेवला. रागावला असता तर बरं झालं असतं, पण तो नुसता नवल वाटल्यासारखा बघत होता. "मारने का मतलब दुश्मनी नहीं, मॅन," तो म्हणाला. "वो सवाल पूछता है, तू जवाब देता है. बस. तेरा हात पीछे कौन खींचता है?" फिलिप दातांनी ग्लोव्हची नाडी सोडू लागला. "मंडे को लास्ट. जो मारेगा वो जाएगा. तेरा पेट दिखाने के लिए मैं भुसावल नहीं जाता." लोक पुन्हा हसले आणि कॅरमकडे परत गेले.

नळावर अंग धुताना संपत शेजारी आला. हा दौंडजवळच्याच एका वाडीचा शेतकऱ्याचा पोरगा, तालमीत लोळून आलेला, मनानं मोकळा. त्याच्यावर रागवायचं म्हटलं तरी राग टिकत नसे, आणि हाही एक वैतागच होता. "का रं थांबलास?" त्यानं विचारलं. "दया आली व्हय माझी?"

"न्हाई."

"मग?"

"म्हाईत न्हाई."

"मला असं मोकळं घावलं असतं तर म्या सोडलं नसतं. आत्ताच सांगून ठिवतो, सोमवारीबी सोडणार न्हाई." असं म्हणून त्यानं ओल्या पंजानं फिलिपच्या पोटावर थाप मारली, जशी जो तो मारत असे. पोट आपोआप आवळलं. संपत हसला आणि निघून गेला. फिलिप नळाखाली तसाच उभा राहिला. संपतला ठोसा मारायला कुणी शिकवलं? मॉरिसनं तोंडानं शिकवलं असेल, पण शिकला तो फिलिपच्या पोटावर. नवा पोरगा आला की मॉरिस म्हणायचा, "फिलिप पे मारो." कारण फिलिपला लागत नाही. आला तो त्याच्यावर हात साफ करून पुढं गेला आणि फिलिप जिथल्या तिथं. नदीवरचा धुण्याचा दगड, गावाची धुणी आपटून निघतात, दगडाला कुणी वाळत घालत नाही. आणि हा दगड आज दगड राहायचं नाही म्हणून निघाला होता, तर ऐन वेळी हातच फितूर झाला. तेरा हात पीछे कौन खींचता है. हा प्रश्न त्याच्या डोक्यात असा अडकला की खोलीवर जाऊन जेवतानाही घास तोंडाशी नेता नेता तो आपल्या हाताकडं बघत होता. घास मात्र बरोबर पोचत होता.

रविवारी सकाळी त्यानं शिरूरची एसटी धरली. दर महिन्याच्या एका रविवारी तो घरी जात असे. आज जाऊन उपयोग नव्हता, हात सैल करायला दोरीच्या उड्या मारल्या असत्या तर बरं, हे त्याला कळत होतं. तरी तो गेला. गाडी खडखडत निघाली, धूळ खिडकीतून आत आली, आणि मन आपलं भलत्याच वाटेनं मागं गेलं. शिरूरच्या मिशन शाळेचं मैदान. सकाळची वेळ, दव पडलेली माती, आणि तीवर उताणी पडलेली पोरांची रांग. पोरांच्या डोक्याशी एलिया मास्तर उभे, म्हणजे फिलिपचे वडील, त्याचे आबा. खाकी हाफ पँट, पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी. मास्तर आकडे मोजत नसत. ते प्रार्थना म्हणत. प्रार्थना सुरू झाली की पोरांनी दोन्ही पाय जोडून जमिनीपासून वीतभर उचलायचे, आणि 'आमेन' ऐकू येईपर्यंत टेकवायचे नाहीत. पोटाला कळ लागायची, पाय थरथरायचे, आणि मास्तर निवांतपणे देवाचे आभार मानत असायचे. मास्तरांचा मूड चांगला असला तर प्रार्थना आटोपशीर असे. कुणी चावटपणा केला असेल तर मात्र ते आधी आजाऱ्यांसाठी, मग प्रवाशांसाठी, मग मिशनच्या मडमेच्या तब्येतीसाठी, मग पावसासाठी, मग दिल्लीच्या सरकारासाठी अशी सावकाश मागणी करत जायचे. पोरं दात-ओठ खात सरकारचं भलं चिंतायची. आजही चर्चमध्ये कुणी लांबण लावली की फिलिपचं पोट बाकावर बसल्या बसल्या आवळून यायचं.

मग चेंडू. मिशनच्या चांभारकामाच्या वर्गात जुन्या चामड्याचा शिवलेला, आत चिंध्या आणि वाळू भरलेला. पोरगं उभं करायचं आणि तो चेंडू त्याच्या पोटावर टाकायचा. मास्तरांचे नियम कडक होते. जेवून आलेल्या पोराला हात लावायचा नाही. ज्याला प्रार्थनाभर पाय उचलून धरता येत नाहीत त्याच्या वाट्याला चेंडू नाही, त्यानं आधी जमिनीवरच घाम गाळायचा. आणि न सांगता कुणाला मारायचं नाही. "आधी फुंकर, मग प्वाट," ते म्हणायचे. "वारा आत ठिवून मार खाल्लास तर फुगा फुटतोय तसा फुटशील. वारं सोड, आवळ, आन् मग येऊ दे काय येतंय ते." फिलिप या सगळ्यात पहिला. मास्तरांचा पोरगा म्हणून नव्हे, खरोखर पहिला. चेंडू येताना तो डोळेसुद्धा मिटत नसे. आणि आबांचं एक लाडकं वाक्य होतं, ते गॅदरिंगला, लग्नात, मयतीत, कुठंही म्हणत: "मारणारा दमतो, खाणारा उरतो." लहानपणी फिलिपला ते वाक्य फार मोठं वाटायचं. आता गाडीत बसल्या बसल्या त्याला ते आठवलं आणि तो मनातल्या मनात म्हणाला, उरतो की. दौंडला उरतो. भुसावळला जातो मारणारा.

गाडी इनामगावच्या फाट्यावर थांबली, चहा पिणारे उतरले, पुन्हा चढले. न्हावऱ्याला एक म्हातारी बोचकं सांभाळत येऊन त्याच्या शेजारी बसली. फिलिपला तिचं भान नव्हतं. त्याच्या मांडीवर मुठी आवळलेल्या होत्या आणि काय होतंय ते बघावं म्हणून त्यानं उजवी मूठ हळूच आपल्याच पोटावर मारली. बसली. पुन्हा मारली, जोरात. बसली, अगदी व्यवस्थित, बोटभर तर सोडाच, दोरा जाईल एवढंही अंतर न ठेवता. म्हणजे हाताला मारता येत होतं! तो पुन्हा पुन्हा मारत राहिला. म्हातारीनं थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "प्वाट धरलंय का रं लेकरा? ओवा खावा चिमूटभर. माझ्यापाशी हाय." फिलिप ओशाळला, नको म्हणाला, पण म्हातारीनं कनवटीची पुरचुंडी सोडून त्याच्या तळहातावर ओवा ठेवलाच. तो चावत चावत त्यानं बाहेर पाहिलं, आणि ओव्याची तिखट वाफ नाकात चढली तसं त्याला एकदम घराचा उंबरा आठवला.

घरचा रिवाजच तसा होता. फिलिपला पुढच्या शिक्षणाला नगरच्या बोर्डिंगात ठेवलं, तेव्हापासूनचा. पहिल्या नाताळाला तो ट्रंक घेऊन दारात आला तर आबा उंबऱ्यात उभे. त्यांनी शर्ट वर केला, फुंकर सोडली आणि म्हणाले, "मार. बघू बोर्डिंगात काय खायला घालत्यात." फिलिपनं ट्रंक खाली ठेवून मारलं. आबा तसूभर हलले नाहीत, हसले, आणि मग त्याला पोटाशी धरलं. पुढं हे ठरूनच गेलं. तो कुठूनही घरी आला की आधी मार, मग पाणी. शेजारच्या सिंधूबाई म्हणायच्या, "लोकांची पोरं बापाच्या पाया पडत्यात. ह्यांचं कार्टं बापाला बुक्की हाणतं. नवलाचं घर बाई." फिलिपला त्या बुक्कीचा अभिमान होता. सबंध मिशन कंपाउंडात आपल्या एकट्याच्याच बापाला असं मारता येतं! मग तो चौदाचा झाला. त्या वर्षी त्याच्या खांद्यांत बळ भरलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीला आला, आबांनी शर्ट वर केला, त्यानं मारलं, आणि आबांच्या तोंडून एक लहानसा आवाज निघाला, चेहऱ्यावरून काहीतरी सरकन गेलं. ओठ पांढरे पडले. मग ते हसले, "हां," म्हणाले, आणि पाणी प्यायला म्हणून आत गेले. रांजणाला हात टेकून ते बराच वेळ पाठमोरे उभे होते. पाण्याचा आवाज आला नाही. आई चुलीशी बसून त्यांच्याकडं बघत होती आणि फिलिप आईकडं बघत होता. पुढच्या खेपेला उंबऱ्यात आबा उभे राहिले, "मार" म्हणाले, आणि फिलिपची मूठ निघाली ती कातडीशी जाऊन थांबली. नुसती टेकली. आबांच्या तोंडून "हुं" असा दणकट आवाज निघाला, ते अर्धं पाऊल मागं सरले आणि समाधानानं म्हणाले, "बसला." तेव्हापासून दर खेपेला असंच. हुं, अर्धं पाऊल, बसला.

ओवा जिभेवर जळत होता. हात मागं कोण ओढतं? आबा ओढतात. दुसरं कोण? सात-आठ वर्षं उंबऱ्यात उभं राहून ज्या हाताला थांबायला शिकवलं तो दौंडच्या दोरीत गेल्यावर एकाएकी कसा पुढं जाईल? पोट आबांनी घडवलं आणि हातही आबांनीच बिघडवला, आणि वर आपलं समाधानानं 'बसला'. आजवर तो संपतवर, मॉरिसवर, स्वतःवर फुकट जळत होता, आता रागाला खरा धनी सापडला. आणि गाडी शिरूरच्या जवळ येत चालली तसा त्याचा विचार पक्का होत गेला. आज खरं मारायचं. एकदाच. जिथं हात बिघडला तिथंच तो दुरुस्त व्हायला पाहिजे. काय होईल? आबांना जरा लागेल. त्यांच्या पोटाला काय होतंय? घोडनदीच्या पैलवानांनी बुक्क्या मारून बघितल्या होत्या त्या पोटावर. आणि लागलं तर लागलं. आपल्याला नाही लागत? असं म्हणत त्यानं उरलेला ओवा चावून गिळला.

कंपाउंडातली चर्चची उपासना सुटून गेली होती. चिंचेखाली कुणी नव्हतं. आबा उंबऱ्याच्या आत खुर्चीवर बसले होते, रविवारचा धुतलेला शर्ट घालून. शाळेतून ते दोन वर्षांमागं निवृत्त झाले होते. फिलिप फाटकातून आत आला तशी त्यांनी मान वळवली. "कोन? फिलिप?" उन्हामुळं दिसलं नसेल, असं फिलिपला वाटलं. "ये," ते उठत म्हणाले. "उशीर केलास. मार."

"आगुदर पाणी तरी पिऊ द्या त्याला," आई आतून म्हणाली.

"पाणी कुठं पळून चाललंय?" आबांनी शर्ट वर केला. फिलिपनं पिशवी खाली ठेवली. ते पोट त्यानं किती वर्षांत नीट पाहिलंच नव्हतं. एकेकाळी पाट्यासारखं सपाट असलेलं ते पोट आता खाली ओघळलं होतं, कातडीला बारीक सुरकुत्या होत्या, बेंबीशी पांढरे केस होते. आबांनी फुंकर सोडली, आवळलं, आणि आवळूनही ते सैलच राहिलं. फिलिपला वाटलं, नको. मग वाटलं, हेच. हाच तो 'नको', हाच हात ओढतो. त्यानं दात आवळले. उद्याचा सोमवार आठवला, बॉयलर आठवला, सगळी हसणारी तोंडं आठवली. उजवी मूठ बरगडीशी आली. मॉरिस शिकवायचा तसा त्यानं जोर घेण्यासाठी डावा पाय पुढं सरकवला. शहाबादी फरशीवर चप्पल घासून खर्र असा आवाज झाला.

"हुं," आबा म्हणाले आणि अर्धं पाऊल मागं सरले. "बसला."

फिलिपची मूठ अजून त्याच्या स्वतःच्या बरगडीशीच होती.

आबा शर्ट खाली करत होते. "जोर बरा हाय," ते म्हणाले. "पर खांदा टाक आनखी." ते फिलिपकडं बघत होते, म्हणजे फिलिपच्या कानाच्या जरा बाजूला, चिंचेच्या दिशेनं. दोन्ही बुबुळांवर ताकाच्या निवळीसारखा पांढुरका पडदा होता. फिलिपनं मूठ खाली आणली नाही. ती कुठं न्यावी हे त्याला कळेना. आई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिनं फिलिपकडं पाहिलं आणि मान हलवली, अगदी थोडी, बोलू नको अशी.

नंतर चुलीपाशी तिनं सांगितलं. "नाताळापासून लईच उतरलीय नजर. दवाखान्यात चला म्हनलं तर मोतीबिंदू काढायला टेबलावर निजावं लागतं म्हनून ऐकत न्हाईत. तुला सांगू नको म्हनलेत."

"आन् मघाचं?"

"पावलाचा आवाज ऐकत्यात आन् हुं म्हनत्यात. आज न्हाई, मागल्या खेपेलाबी. म्या बघत व्हते नव्हं." ती भाकरी थापत राहिली. "तू मारतोस का न्हाई, हे त्यांना कुठं दिसतंय आता. आवाजावर खूश हाएत."

हसावं, रडावं, की चुलीला लाथ घालावी, फिलिपला काही सुचेना. मागल्या खेपेला त्यानं मूठ टेकवली होती, पण त्याआधीच हुं निघाला होता का? त्याच्या आधीच्या खेपेला? आणि चौदाव्या वर्षानंतरची ती सगळी वर्षं? थांबलेली मूठ कातडीला टेकल्यावर, जिथं चिमणीलाही लागलं नसतं तिथं, तो दणकट हुं कशाचा होता? म्हणजे डोळे होते तेव्हाही आबांना माहीत होतं. तो एकीकडून खोटं मारत होता आणि आबा दुसरीकडून खोटं खात होते. आणि आज एकदा खरं मारायचं म्हणून तो एवढ्या लांबून धूळ खात आला, तर त्याच्या बुक्कीची पावती ती निघण्याआधीच फाटलेली! राग काढायलासुद्धा जागा ठेवली नव्हती या माणसानं. जेवताना तो मान खाली घालून बसला. आबा ताटात चाचपडून कालवणाची वाटी शोधत होते आणि शोधत नसल्यासारखं दाखवत होते.

"उद्या लढत हाय म्हन की तुझी," आबा म्हणाले. "समोरच्याला प्वाट हाय का?"

"न्हाई. हात हाय."

"मग तुला कशाची भीती? खात ऱ्हा. दमंल."

"आबा," फिलिपचा आवाज चढला, "तिथं मारावं लागतं. नुसतं खाऊन कुणी जिकत न्हाई. सगळी माझ्याच पोटावर शिकत्यात आन् मला मागं टाकून जात्यात. तुम्ही मला मारायला का न्हाई शिकवलं?"

आई हात थांबवून बसली. आबांनी घास खाली ठेवला. त्यांनी ताटाच्या काठावरून बोट फिरवलं. "मला येत न्हवतं, बाबा," ते म्हणाले. "खरंच सांगतो. आमचा आजा गावकुसाबाहेरचा. गावात कुनीबी यावं, हानावं आन् जावं. उलटून हात उचलायची सोयच न्हवती. मग मिशनात आलो, शाळा आली, ड्रिल आलं. मी म्हनलं, आपल्याला खायचंच ठावं हाय तर पोरांना नीट खायला तरी शिकवावं. कुनाला लागू नये. हात कसा उचलायचा, ते मला कुनी दाखवलंच न्हाई." मग जरा हसून ते म्हणाले, "तू चौदाचा असताना तू दाखवलंस एकदा. चांगलं लागलं व्हतं. मला लई आनंद झाला व्हता. पर पुन्यांदा काय तू मारलं न्हाईस."

मग तसं म्हणाला का नाहीत, असं फिलिपला विचारायचं होतं. ओरडून विचारायचं होतं. पण आबा पुन्हा वाटी शोधायला लागले होते, आणि त्यानं ती बोटानं हळूच त्यांच्या हाताकडं सरकवली.

सोमवारी संध्याकाळी हॉलमध्ये पुन्हा तीच माणसं होती. संपत आल्या आल्या हसला आणि म्हणाला त्याप्रमाणं त्यानं काही सोडलं नाही. पहिल्या फेरीत फिलिपनं नेहमीसारखं नुसतं खाल्लं. पोट धपधप वाजलं, मागं कौतुक झालं. मॉरिस दोरीवर कोपरं टेकून भलतीकडंच बघत होता, निकाल लागल्यासारखा. दुसऱ्या फेरीत संपतनं पुन्हा डोकं झाकलं, पुन्हा सगळा मुलूख मोकळा पडला. फिलिपनं डावा पाय पुढं सरकवला. लाकडी फळीवर बूट घासला. खर्र. आणि तो थांबला, कारण त्याचे कान 'हुं'ची वाट बघत होते. 'हुं' आला नाही. दोन ग्लोव्हजच्या फटीतून संपतचे डोळे दिसत होते, स्वच्छ, काळे, बरोबर त्याच्याकडं बघणारे. या माणसाला दिसतंय. याला मी दिसतोय. हा माझ्यासाठी खोटं खाणार नाही. एवढंच त्याच्या मनात आलं, आणि हात गेला.

आवाज झाला तो त्यानं याआधी एकदाच, चौदाव्या वर्षी उंबऱ्यात ऐकला होता, पण तेव्हा त्याला तो ओळखता आला नव्हता. तो 'हुं' नव्हता. त्यात दणकटपणा नव्हता, समाधान नव्हतं. तोंड उघडं पडून आतलं सगळं वारं निघून जावं आणि परत यायची वाट विसरावं, तसा लहानसा, उघडा आवाज. संपत गुडघ्यावर आला. ओठ पांढरे पडले होते. मॉरिस दोरी सोडून सरळ उभा राहिला आणि मोठ्यानं ओरडला, "अब किसने छोड़ा हात?" सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. फिलिप खाली वाकून संपतची पाठ चोळत होता. "फुंकर टाकायची व्हती रं आधी," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "फुंकर." संपतला जरा वारं घेता आलं तसा तो म्हणाला, "गप की. लागलं. लागू दे." दोन वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला ते झालं होतं आणि फिलिपला आनंद म्हणून होत नव्हता. उजव्या हातात काहीतरी नवीन येऊन बसलं होतं, आणि ते आता उठून जाणार नाही हे त्याला कळत होतं.

भुसावळला तो दोन लढती जिंकला आणि तिसरी हरला, पण हरला तोही मारून. त्यानंतरच्या रविवारी तो शिरूरला गेला. गाडीत उजव्या मुठीचे सांधे अजून सुजलेले होते आणि ती मूठ तो डाव्या हातात धरून बसला होता, कुणाचं तरी अंगावरचं पोर सांभाळावं तशी. फाटकातून आत येताना त्यानं मुद्दाम पावलं वाजवली. आबा खुर्चीतून उठले होते. शर्ट वर करून, फुंकर सोडून, ते उंबऱ्यात उभे होते, फिलिपच्या कानाच्या जरा बाजूला बघत. मागं आई तांब्या घेऊन उभी.

"जिकलास म्हनं. सिंधूबाईचा जावई सांगत व्हता," आबा म्हणाले. "मार. बघू."

फिलिपनं पिशवी खाली ठेवली. मग दोन्ही हात पाठीमागं नेले आणि उजवं मनगट डाव्या मुठीत घट्ट धरलं. डावा पाय त्यानं पुढं सरकवला, फरशीवर जोरात घासला.

"हुं!" आबा अर्धं पाऊल मागं सरले. त्यांनी उंबऱ्याच्या चौकटीला हात टेकला, आणि त्यांचा सगळा चेहरा उजळला. "बसला," ते म्हणाले. "आज खरा मारलास बघ."

"व्हय, आबा," फिलिप म्हणाला. हात अजून त्यानं सोडले नव्हते.